जुन्या गाडीची पुढची काच बदलणं : मजुरी किती आणि जोखीम कोणाची?



साताऱ्यापासून सांगली-मिरजेपर्यंत, मधे कराड, विटा, तासगाव धरलं तर जुन्या गाड्या जपणारे लोक आपल्याकडे बरेच आहेत. कोणाच्या वाड्यात आजोबांची फियाट उभी आहे, कोणाच्या शेतावर जुनी जीप अजून चालते. सांगलीत ज्यांच्या नावाने इंजिनिअरिंग कॉलेज आहे, त्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स सुरू केली. आपल्या फियाट आणि पद्मिनी त्याच कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आल्या.

या गाड्यांची काच फुटली की मालक अडतो. नव्या गाडीची काच एका फोनवर येते, जुन्या गाडीची येत नाही. थर्ड पार्टी विम्यात स्वतःच्या गाडीची काच बसत नाही, म्हणजे पैसे खिशातून. काच बसवण्याचं काम तुम्ही करत असाल किंवा सुरू करणार असाल, तर इथे चांगली संधी आहे. पण याच कामात माणूस महिनाभराची कमाई एका दुपारी घालवूनही बसतो. म्हणून आज एकच गोष्ट नीट समजून घेऊ : या कामात काच फुटण्याची जोखीम कोणाची, हे काम हातात घेण्याआधी ठरवायचं आणि लिहून ठेवायचं.

आधी काच ओळखा

जुन्या जीपची काच सपाट असते. सपाट लॅमिनेटेड काच मापाने कापून मिळते, त्यामुळे ते काम तुलनेने सोपं. फक्त ती गाडीसाठीची सेफ्टी ग्लास हवी. खिडकीची साधी काच कितीही स्वस्त मिळाली तरी लावायची नाही.

फियाट किंवा ॲम्बेसेडरची काच वक्र असते. ती कापून बनत नाही, त्या मॉडेलची तयारच मिळवावी लागते. पुण्या-मुंबईचे जुने पार्ट विकणारे, इतर गॅरेजवाले, भंगारात गेलेली गाडी, असे रस्ते शोधावे लागतात.

दुसरा फरक टफन्ड आणि लॅमिनेटेडचा. टफन्ड काच फुटली की क्षणात बारीक तुकडे होतात. ती तयार झाल्यावर कापता किंवा घासून लहान करता येत नाही. लॅमिनेटेडमध्ये दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे ती तडकली तरी जागेवर राहते. नव्या गाड्यांना पुढची काच लॅमिनेटेडच लागते. जुन्या गाडीलाही मिळत असेल तर तीच सुचवा. गिऱ्हाईकाने गडद काच मागितली तर नाही म्हणा. पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत यायलाच हवा, असा नियम आहे.

काम कसं होतं?

नव्या गाडीची काच गोंदासारख्या सीलंटने चिकटवलेली असते. जुन्या गाडीची काच रबराच्या पट्टीत बसवलेली असते. क्रम असा :

१. वायपर आणि आरसा काढा. चमकदार बीडिंग सावकाश सोडवा. ती वाकली तर दुसरी मिळणं काचेइतकंच अवघड.

२. रबर जुनं, कडक झालेलं असेल तर ते सरळ कापा. जुनं रबर आणि जुनी काच दोन्ही वाचवायला गेलात तर बहुतेक वेळा काच जाते. रबर कापल्यावर एकाने आतून हळू ढकलायचं, दुसऱ्याने बाहेरून धरायचं.

३. आता फ्रेमचा पत्रा बघा. खालच्या दोन कोपऱ्यांत पाणी साचून गंज लागतो. गंज खरवडून, प्राइमर आणि रंग मारून वाळू द्या. पत्रा कुजला असेल तर आधी डेंटरचं काम. उंचसखल पत्र्यावर नवी काच बसवली तर ती आज नाही तर आठ दिवसांनी तडकते.

४. नवं रबर काचेभोवती बसवा. पत्र्यावर चढणाऱ्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवा आणि दोन्ही टोकं खाली मध्यावर आतल्या बाजूला सोडा. साबणाचं पाणी लावा. ऑइल किंवा ग्रीस नको, त्याने रबर फुगतं.

५. काच बाहेरून जागेवर ठेवा. आतला माणूस दोरी हळूहळू ओढतो, तसतशी रबराची कड पत्र्यावर चढते. बाहेरचा माणूस तिथेच तळहाताने दाब देतो. ठोकायचं नाही. काच अडली तर थांबा, का अडली ते बघा.

६. रबराखाली सीलंट भरा, बीडिंग लावा आणि पाण्याची टेस्ट घ्या. पाइपचा दाब कमी ठेवा, खालून सुरू करून वर जा, आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवा. गाडी महाबळेश्वरच्या पावसात जाणार असेल तर ही टेस्ट टाळून चालणारच नाही.

आता हिशेब

आकडे फक्त समजण्यासाठी धरू, तुमच्या गावचे दर तुम्ही घाला. समजा वक्र काच पोहोच ८,००० रुपयांना पडते. रबर १,५००, सीलंट वगैरे ३००, प्रवास ७००, आणि दोन माणसांची मजुरी व नफा मिळून २,५००. बेरीज १३,०००. बहुतेक जण इथेच थांबतात आणि कोटेशन देतात.

पण बसवताना काच तडकली तर? ८,००० तुमच्या खिशातून. तीन कामांची पूर्ण मजुरी गेली, चौथ्यातलीही थोडी. समजा दहा कामांत एक काच जाते. म्हणजे प्रत्येक कामामागे ८०० रुपये जोखमीचे धरायला हवेत. योग्य कोटेशन १३,८००. हे ८०० म्हणजे जास्तीचा नफा नव्हे, पुढे फुटणाऱ्या काचेची आजच बाजूला काढलेली रक्कम आहे. ती वेगळ्या डब्यात ठेवा. प्रत्येक कामाची नोंद वहीत करा. वर्षभरात तुमचं खरं प्रमाण कळेल, मग रक्कम कमी-जास्त करा.

जॉब कार्डवर या चार ओळी हव्यातच

- जुनी काच काढून पुन्हा बसवायची असेल, तर काढताना फुटण्याची जोखीम मालकाची.
- आम्ही आणलेली नवी काच बसवताना फुटली, तर जबाबदारी आमची.
- पत्र्याची दुरुस्ती सुचवली आणि मालकाने नको म्हटलं, तर नंतर काच तडकल्यास किंवा गळल्यास जबाबदारी मालकाची. पत्रा चांगला आहे असं आम्ही लिहून दिलं असेल तर आमची.
- काचेची पूर्ण रक्कम आगाऊ. मजुरी पाण्याच्या टेस्टनंतर, मालकासमोर.

खाली सही, सोबत काम सुरू होण्याआधीचे फोटो. गिऱ्हाईक ओळखीचं असेल तर कागद काढायला संकोच वाटतो. पण संबंध बिघडतात ते कागदामुळे नाही, ‘मला वाटलं होतं’ या वाक्यामुळे. सरळ म्हणा, "काका, गाडी तुमच्या वडिलांची आठवण आहे. काही बिघडलं तर कोणी काय करायचं ते आत्ताच ठरवू." माणूस समजून घेतो. उलट तुमच्यावर विश्वास बसतो.

एक नियम, जो गिऱ्हाईकाला माहीत नसतो

२०२१ च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते. तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी; चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेला नको. म्हणून दुसऱ्या मॉडेलची काच बसवण्यासाठी फ्रेम कापायची नाही. हजार-दोन हजार वाचवायला जाऊन मालकाची नोंदणीच अडकू शकते. तसंच व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी धंद्यासाठी चालवता येत नाही. लग्नाला भाड्याने द्यायचा विचार असेल, तर ही गोष्ट मालकाच्या कानावर घाला. असा सल्ला फुकट द्या, त्यातूनच पुढची कामं येतात.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमचा धंदा काचेचा नसला तरी चालेल. फर्निचर पॉलिश, जुन्या साड्यांचं रफू, घड्याळ दुरुस्ती, काहीही असो. गिऱ्हाईकाची वस्तू तुमच्या हातात असताना काय काय बिघडू शकतं, याची यादी करा. प्रत्येक ओळीपुढे लिहा : जबाबदारी कोणाची, आणि त्यासाठी तुमच्या दरात किती रुपये धरले आहेत? ज्या ओळीपुढे शून्य येईल, तिथे तुमचे पैसे गळत आहेत.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत कोटेशन देण्याआधी एकदा थांबा आणि बेरीज पुन्हा करा!