लिनक्स व्हीएम मंदावले? आधी मोजा, मग पैसे काढा

विंडोजमध्ये व्हिडिओ सुरळीत चालतो आणि त्याच लॅपटॉपवरच्या लिनक्स व्हर्च्युअल मशीनमध्ये (व्हीएम) साधे अपडेट रांगत राहते. कोलाड-रोह्यात बसून मुंबई-पुण्याच्या कंपनीचे काम करत असाल, तर अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात: मोठा प्लॅन घ्या, नाहीतर लॅपटॉप फॉरमॅट करा. दोन्हीला पैसे लागतात आणि बहुतेक वेळा दोन्हींची गरज नसते. दोष व्हीएमच्या सेटिंगमध्ये असेल तर दुरुस्ती फुकट होते, तासाभरात होते.

वायफाय बंद करा, लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. आधी विंडोजवर स्पीड टेस्ट घ्या, मग व्हीएममध्ये, त्याच सर्व्हरशी. दोन्हीकडे वेग कमी असेल तर दोष लाइनचा, राउटरचा किंवा केबलचा. फक्त व्हीएममध्ये कमी असेल तर आयपर्फ3 हे मोफत साधन विंडोजवर सर्व्हर म्हणून आणि लिनक्समध्ये क्लायंट म्हणून चालवा. या चाचणीत इंटरनेट येतच नाही, त्यामुळे आकडा प्लॅनच्या कित्येक पट यायला हवा. तो प्लॅनच्या आसपास घुटमळला तर दोष व्हीएमचाच. आणि एक हिशेब लक्षात ठेवा: 100 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त 12.5 मेगाबाइट. डाउनलोडला 11 दिसत असेल तर तुमचे सगळे ठीक आहे.

व्हर्च्युअलबॉक्स वापरत असाल तर व्हीएमच्या खिडकीत खाली उजवीकडे पाहा. तिथे हिरवे कासव दिसते का? दिसले तर विंडोजचे हायपर-व्ही आडवे आले आहे आणि पूर्ण व्हीएम त्यामुळे मंदावते. हायपर-व्ही आणि कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी बंद केली की कासव सहसा जाते. पण मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय आहे. लॅपटॉप कंपनीचा असेल तर आयटी विभागाला विचारल्याशिवाय हात लावू नका.

मग व्हीएम बंद करून सेटिंग्ज, नेटवर्क, अडॅप्टर टाइप. इंटेलचे कार्ड निवडलेले असेल तर ते बदलून व्हर्टआयओ-नेट करा. व्हीएमवेअरमध्ये हेच काम व्हीएमएक्सनेट3 करते. लिनक्समध्ये दोन्हींचे ड्रायव्हर आधीच असतात. ‘ड्रायव्हर टाकतो’ म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. लॅपटॉप केबलवर असेल तर नॅटऐवजी ब्रिज्ड करून पाहा. वायफायवर मात्र नॅटच ठेवा, ब्रिज्ड तिथे बरेचदा अडखळते.

पान उघडायला पाच सेकंद अडते आणि मग झटकन येते? डीएनएस बदला. काही साइट उघडतात, काही नुसत्या लटकतात? एमटीयू तपासा. पीपीपीओई पद्धतीच्या फायबर जोडणीत तो 1500 ऐवजी 1492 असतो. ब्रिज्ड व्हीएममध्येही 1492 करा. कंपनीचे व्हीपीएन चालू असेल तर ते बंद असताना आणि चालू असताना, दोन्ही वेळा मोजा.

सॉफ्टवेअरच्या खर्चात एक खाच आहे. व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे, पण त्याचा एक्स्टेंशन पॅक फक्त वैयक्तिक किंवा शैक्षणिक वापराला फुकट. कंपनीच्या कामाला ओरॅकलचा परवाना विकत घ्यावा लागतो. नेटवर्कचा वेग वाढवायला हा पॅक लागतही नाही. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर 2024 पासून व्यावसायिक वापरालाही मोफत आहे.

व्हीएम क्लाउडवर असेल तर सर्व्हर मुंबई रीजनमध्ये आहे ना, ते आधी पाहा. अमेरिकेतल्या सर्व्हरवर टाइप केलेले अक्षरही उशिरा उमटते. एडब्ल्यूएसवर महिन्याला 100 जीबी बाहेर जाणारा डेटा मोफत, पुढे दर जीबीला आकार. फेब्रुवारी 2024 पासून सार्वजनिक आयपीव्ही4 पत्त्याचेही तासाला 0.005 डॉलर लागतात, म्हणजे महिन्याला साधारण साडेतीन डॉलर.

लाइनच मंद निघाली तर प्लॅन वाढवण्याआधी केबल बदला. जुन्या केबलीत चारच तारा जोडलेल्या असतील तर वेग 100 एमबीपीएसच्या वर जात नाही. कॅट6 केबल काही शे रुपयांत येते. नवी जोडणी घेताना आधार आणि पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा, भाड्याचे घर असेल तर भाडेकरारही. जाहिरातीतला भाव जीएसटी सोडून असतो: 499 चा प्लॅन 18 टक्के धरून 588.82 रुपयांना पडतो. इन्स्टॉलेशन, राउटरचे डिपॉझिट, खांबापासून घरापर्यंतची जादा केबल आणि मर्यादेचा डेटा संपल्यावर उरणारा वेग, या चारही गोष्टी लेखी घ्या. सहा महिन्यांचे पैसे एकदम भरायला लावत असतील तर आधी एकाच महिन्याचे भरा, जमल्यास पावसाळ्यातले. लाइनची खरी परीक्षा इथे तेव्हाच होते.

लाइनची तक्रार आधी इंटरनेट कंपनीच्या तक्रार केंद्रात करा आणि डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. वेगवेगळ्या वेळी, केबलवर घेतलेल्या स्पीड टेस्टचे स्क्रीनशॉट आणि बिले जपा. व्हीएममधले स्क्रीनशॉट देऊ नका, कंपनी ते सहज फेटाळेल. मुदतीत निकाल लागला नाही तर 30 दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. शुल्क नाही, निर्णय 39 दिवसांत द्यावा लागतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. त्यापुढे अलिबागचा जिल्हा ग्राहक आयोग: सेवेसाठी भरलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर तिथेही शुल्क नाही. ‘टेलिकॉमची तक्रार ग्राहक आयोगात चालत नाही’ असे कुणी सांगितले तर ऐकू नका. ती चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केले आहे.