बिलाचं 'बिन' का होतं?

प्रश्न : बँकॉकला गेलो होतो. तिथे बिल मागताना सगळे 'चेक बिन' म्हणत होते. फुटबॉलचं 'फुतबोन', टेनिसचं 'थेन्नित'. चांगलं इंग्रजी शिकलेली माणसंही असंच बोलत होती. हे कशामुळे? सरावाने यात फरक पडतो का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुम्ही अगदी बरोबर ऐकलंत. थाई भाषेत शब्दाच्या शेवटी ल, र, स ही व्यंजनं येतच नाहीत. प, त, क, म, न आणि ङ अशी मोजकीच चालतात. त्यातही प, त, क म्हणताना तोंड मिटतं ते मिटतंच, हवा बाहेर सुटत नाही. म्हणून 'कॅप' आणि 'कॅब' थाई तोंडी सारखेच ऐकू येतात.

स्वतः करून पाहा. 'बिल' म्हणा आणि शेवटच्या 'ल'वर थांबा. जिभेचं टोक वर टेकलेलं असेल आणि हवा बाजूंनी निसटत असेल. टोक तसंच ठेवून बाजू बंद करा, हवा नाकातून सोडा. झाला 'न'! 'स'ची बारीक फट बुजवली की तिथे 'त' होतो.

हा नियम इंग्रजीपुरता नाही, संस्कृतातून गेलेल्या शब्दांनाही तोच लागतो. आहारचं 'आहान' (अन्न), फलचं 'फोन', नगरचं 'नखोन', प्रदेशचं 'प्रथेत' (देश), आकाशचं 'आकात' (हवा). लिहिताना मात्र मूळचे र, ल, श जपलेले आहेत! त्यामुळे अशा उच्चाराला कुणी आळस म्हटलं की मला वाईट वाटतं. ती त्या भाषेची शिस्त आहे.

सरावाने फरक नक्की पडतो. सुरुवात शब्दांच्या शेवटापासून करावी, कारण इंग्रजीचं निम्मं व्याकरण तिथेच असतं. 'बुक्स'मधला स किंवा 'वर्क्ड'मधला शेवटचा आवाज गळला की शिक्षकांना वाटतं, मुलाला अनेकवचन किंवा भूतकाळच येत नाही. प्रत्यक्षात ते येत असतं, फक्त तोंडातून निघत नाही.

यावर एक साधी युक्ती आहे. ल आणि स शब्दाच्या सुरुवातीला थाई माणसाला सहज जमतात. म्हणून पुढे स्वराने सुरू होणारा शब्द जोडायचा : 'बिल इन' म्हणजे 'बि-लिन', 'बस इन' म्हणजे 'ब-सिन'. हे जिभेवर बसलं की 'इन' हळूहळू पुसट करत न्यायचं आणि शेवटी सोडून द्यायचं. श आणि व्ह यांची गोष्ट वेगळी. ते आवाज आजच्या थाईत नाहीतच, 'शॉप'चं 'छॉप' होतं आणि 'व्हॅन'चं 'वॅन'. ते नव्याने शिकावे लागतात : 'व्ह'साठी आरसा घेऊन वरचे दात खालच्या ओठावर टेकताहेत ना, हे पाहायचं.

आणि पुन्हा तिकडे गेलात, तर बिल मागताना तुम्हीही बिनधास्त 'चेक बिन, ख्रप' म्हणा ('ख्रप' हा पुरुषांनी वाक्याच्या शेवटी जोडायचा अदबीचा शब्द). शेवटचा 'प' मात्र ओठ मिटूनच.