एका जनुकाची मांजरे

कुत्र्यांच्या जातींत केवढा फरक! पॉमेरेनियन कुत्रा ग्रेट डेनच्या पोटाखालून सहज निघून जाईल. मांजरांत असे आढळत नाही. राखण, शिकार, मेंढ्या वळणे अशा कामांसाठी माणसाने कुत्रे निवडून निवडून वाढवले. मांजराकडून त्याला उंदीर मारण्यापलीकडे फारसे काही नको होते. बहुतेक मांजरजाती गेल्या दीडशे वर्षांतल्याच आहेत आणि कित्येक जातींची खूण म्हणजे केवळ एका जनुकातील बदल असतो.

थायलंडच्या, म्हणजे पूर्वीच्या सयामच्या, मांजराचेच पाहा. अंग सायीच्या रंगाचे. तोंड, कान, पंजे आणि शेपूट मात्र गडद. पिल्लू जन्मते तेव्हा जवळजवळ पांढरेच असते. मग हा रंग येतो कोठून? केसांतील मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार होण्यास टायरोसिनेज नावाचे विकर लागते. सयामी मांजरात या विकराच्या जनुकात बदल झालेला असतो, त्यामुळे ते उष्णतेत नीट काम करीत नाही. मांजराच्या शरीराचे तापमान सुमारे ३८.५ अंश सेल्सियस असते. तेवढ्या उष्णतेत रंग फारच थोडा बनतो. कान, नाक, पंजे, शेपूट ही टोके जरा थंड असतात. तेथे विकर कामाला लागते. आईच्या पोटात पिल्लू सगळीकडून सारखेच उबदार असते, म्हणून ते पांढरे! पाठीवरचे केस काढून तो भाग थंड ठेवला, तर तेथे गडद केस उगवतात, हेही प्रयोगाने दिसून आले आहे.

आयरिश समुद्रातील आइल ऑफ मॅन बेटावरचे मँक्स मांजर बिनशेपटीचे असते. हे जनुक प्रभावी आहे. आईबापांपैकी एकाकडून आले तरी शेपूट आखडते. दोघांकडून आले तर पिल्लू पोटातच मरते. वहीत मांडून पाहा. बिनशेपटीच्या जोडप्याच्या दर चार पिल्लांमागे सरासरीने एक जन्मतच नाही, दोन बिनशेपटीची होतात आणि एकाला शेपूट येते. म्हणून फक्त बिनशेपटीचीच पिल्ले देणारी मँक्स मांजरे कधीच तयार होऊ शकत नाहीत.

आता दुमडलेल्या कानांचे मांजर. १९६१ साली स्कॉटलंडमधील पर्थशायर परगण्यात विल्यम रॉस या मेंढपाळाला एका शेतावर पांढरी भाटी दिसली. तिचे नाव सूझी. तिचे कान पुढे दुमडलेले होते. तिच्या वंशापासून स्कॉटिश फोल्ड ही जात निघाली. या जातीच्या पिल्लांचे कान जन्मतः सरळ असतात, तीनचार आठवड्यांनी दुमडतात. चेहरा घुबडासारखा गोल दिसतो आणि लोकांना फार आवडतो. पण कान दुमडतो तो त्यातील कूर्चा दुबळी असते म्हणून, आणि कूर्चा काही फक्त कानातच नसते. सांध्यांतही तीच असते! या मांजरांच्या पायांची व शेपटीची हाडे वेडीवाकडी वाढतात, सांधे जखडतात. आईबाप दोघांकडून हे जनुक मिळालेल्या पिल्लांचे हाल जास्त होतात, म्हणून पाळणारे सरळ कानांच्या मांजराशी जोडी लावतात. तरीही एकाच जनुकाच्या मांजरांत हे दुखणे आढळतेच. ब्रिटनमधील प्रमुख नोंदणी संस्थेने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच या जातीची नोंदणी थांबवली. हा बदल टीआरपीव्ही४ नावाच्या जनुकात आहे, हे २०१६ साली कळले.

मांजर आपले दुखणे लपवते. एका जागी बसून राहणारे फोल्ड मांजर स्वभावाने शांत आहे, की सांधे दुखतात म्हणून हलत नाही, हे नुसते पाहून ओळखता येत नाही. ते उडी मारायचे टाळते का, शेपटीचे मूळ ताठ झाले आहे का, हे पशुवैद्य तपासतात आणि मग क्ष-किरण चित्र काढतात.