मागे वळून बघायची सवय

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी आणि माझ्या वन्सं, अशा दोघी फ्रान्समधल्या तुलूझहून निघून भूमध्य समुद्रापर्यंत सायकलवर गेलो. कनाल द्यु मिदी नावाच्या कालव्याच्या काठाकाठाने, २४० किलोमीटर. वन्संची लेक तुलूझला विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तिनेच दोन सायकली भाड्याने घेऊन दिल्या आणि ‘मामी, पूर्ण रस्त्यावर गाडी नाही, डोळे मिटून जा’ म्हणाली. मी तेव्हा सत्तावन्नची, वन्सं त्रेसष्टच्या. डोळे मिटले नाहीत, पण काही गोष्टी उशिराने उघडल्या, त्या अशा.

१. पुण्याची वाहतूक मी विमानातून सोबत आणली होती, हे पहिल्या तासातच कळलं. एका बाजूला संथ हिरवं पाणी, दुसऱ्या बाजूला गव्हाची शेतं, मध्ये गुळगुळीत डांबरी पट्टा. आणि मी खांदे कानापर्यंत उचलून, दोन्ही ब्रेकवर बोटं आवळून, दर मिनिटाला मागे बघत चाललेली. पाचोळा वाजला तरी मी ‘पीएमटी आली’ अशा बेताने झटकन डावीकडे घ्यायची. तिथे उजवीकडून चालतात, त्यामुळे डावीकडे हमखास समोरून येणारा एखादा आजोबा सापडायचा. वन्सं सत्तरच्या दशकात टिळक रस्त्यावरून सायकलने कॉलेजला गेलेल्या. पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हाची त्यांची पाठ, अगदी सैल. शेवटी म्हणाल्या, “अगं, सारखी मागे काय बघतेस? मागे मीच आहे.”

२. घंटीपेक्षा ‘बोंजूर’ लवकर पोचतं. घंटी वाजवली की चालणारे दचकायचे आणि नेमके नको त्या बाजूला उडी मारायचे. बोंजूर म्हटलं की हसून बाजूला व्हायचे. दुकानातही तेच: आधी बोंजूर, मग पाव. पहिल्या दिवशी मी थेट पावाकडे बोट दाखवलं, तर बाईंनी माझ्याकडे बघून स्वतःच सावकाश बोंजूर म्हटलं आणि उत्तराची वाट बघत थांबल्या. आमच्या पेठेत वाढलेल्या मला दुकानदाराकडून शिस्त लागणं नवीन नाही. इतक्या गोडीने लागणं नवीन होतं.

३. सपाट रस्ता सोपा असतो, हा माझा समज दुसऱ्या दुपारी संपला. चढ नाही म्हणजे उतारही नाही, आणि उतार नाही म्हणजे पाय थांबवायची सोय नाही. घाटात निदान अर्धा वेळ बसून खाली येता येतं. त्यात तिकडे आग्नेयेकडून ओतां नावाचा वारा सुटतो. तो दिवसेंदिवस वाहिला की माणसं वेडी होतात, असं तिथले लोक म्हणतात. दोन दिवस तो आमच्या तोंडावर होता आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सायकलशी मोठ्याने भांडत होते, इतकं मी खात्रीने सांगू शकते. नोरूझला कालव्याचा माथा लागतो, समुद्रसपाटीपासून १८९ मीटरवर. डोंगरातून आणलेलं पाणी इथे कालव्यात पडतं आणि दुभंगतं, काही अटलांटिककडे जातं, काही भूमध्य समुद्राकडे. सह्याद्रीच्या माथ्यावर जे होतं तेच. फक्त इथे चढल्याचं कळतही नाही. वन्सं म्हणाल्या, “एवढंच?” त्यानंतर मात्र बोटी खाली उतरवणाऱ्या प्रत्येक हौदापाशी, ज्याला ते एक्ल्यूझ म्हणतात, दोन-चार मीटरचा उतार मिळतो. असा उतार दिसला की आम्ही दोघी पाय पसरून लहान मुलींसारख्या ओरडायचो.

४. ही शांतता कोणीतरी वापरून टाकलेली आहे. आपण सायकल चालवतो ती वाट घोड्यांची. बोटींना बांधलेला दोर ओढत ते याच काठाने चालायचे. मिठावरचा कर गोळा करणाऱ्या पिएर-पोल रिके नावाच्या माणसाने आपली सगळी संपत्ती ओतून हा कालवा खणवला. १६६६ साली राजाज्ञा निघाली. वन्सं इतिहासाच्या शिक्षिका होत्या, लगेच म्हणाल्या, “महाराज आग्र्याहून सुटले ते साल.” रिके गेला तो १६८० साली. पुन्हा वन्संनी माझ्याकडे बघितलं, पण काही बोलल्या नाहीत. पुढच्या मे महिन्यात कालवा सुरू झाला. मग धान्य, दारू, टपाल, प्रवासी, सगळं इथूनच. सुरुवातीची सरळ भिंतींची एक एक्ल्यूझ ढासळली म्हणून पुढच्यांच्या भिंती बाहेर फुगवल्या. लंबगोल आकाराचे ते हौद अजून बोटी चढवतात. प्रवासी बोटीने तुलूझहून आग्दला चार दिवसांत पोचत असत. आम्हाला समुद्र दिसायला आठ लागले. नंतर रेल्वे आली, मग ट्रक, आणि वाट रिकामी झाली. लोरागेच्या भागात तर मोटारींचा महामार्ग कालव्याच्या शेजारूनच धावतो. तिथल्या एका गावात मुक्काम होता त्या रात्री खिडकीतून ट्रकांची घरघर ऐकू येत होती. सांगायला लाज वाटते, पण सगळ्या प्रवासात मला गाढ झोप लागली ती त्याच रात्री.

५. भूक घड्याळ बघत नाही, फ्रेंच गाव मात्र बघतं. बारा ते दोन सगळं बंद; एक्ल्यूझवाल्यांनाही जेवणाची सुट्टी, बोटी दारात ताटकळतात. दुपारी एक ते चारच्या आमच्या पुणेरी अभिमानाला हा मोठाच धक्का होता. एका सोमवारी तर बेकरीही बंद निघाली. माझ्या एक्सेलच्या तक्त्यात हॉटेलांचे फोन होते, अंतरं होती, वन्संच्या गोळ्यांच्या वेळाही होत्या, सोमवार नव्हता. वन्संनी पिशवीतून मेतकुटाची पुडी काढली. आदल्या दिवसाचा लांब पाव उरला होता, त्यावर लोणी आणि मेतकूट. त्या पावाला तिकडे ‘बागेत’ म्हणतात. आम्ही बागेत बसून बागेत खाल्ला, आणि वन्सं हा विनोद पुढचे पाच दिवस करत राहिल्या.

६. पाणी स्मशानात मिळतं. दूरच्या प्रवासाला निघणारे सायकलस्वार हे एकमेकांना सांगतात: बाटली रिकामी झाली की गावाची दफनभूमी शोधा, तिथे फुलांसाठी नळ असतो, आणि ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी नसेल तर तो बहुधा पिण्याचाच. मी फाटकाबाहेर पाच मिनिटं उभी. आजी आठवली, स्मशानावरून आल्यावर ती अंघोळ केल्याशिवाय घरात घ्यायची नाही. वन्सं मात्र आत गेल्या, नळाखाली तोंड धुतलं, दोन्ही बाटल्या भरल्या आणि एका कबरीवरच्या वाळलेल्या कुंडीला उरलेलं पाणी घालून आल्या. मलाही मग तहान लागली.

७. सावलीचीही किंमत असते. काठावरच्या प्लेन वृक्षांची, म्हणजे चिनारच्या भावंडांची, मुळं वाट फोडून वर येतात. आम्ही गेलो तेव्हा ओद जिल्ह्यात डांबर संपून मातीची वाट लागली होती, आणि कार्कासोनच्या पुढे अशाच एका मुळाने माझं मागचं टायर बसवलं. माझ्याकडे किट होतं, मोबाइलमध्ये व्हिडिओ होता, रेंज नव्हती. वन्संनी सायकल उलटी केली, ट्यूब ओढून काढली, हवा भरून कालव्यात बुडवली आणि बुडबुडे शोधले. घमेल्याऐवजी युनेस्कोचा वारसा. त्या ठिगळ घासत होत्या आणि मी झाडाला टेकून पंप धरण्याचं काम करत होते. पुढे बारा-पंधरा किलोमीटर गेल्यावर ती झाडंच संपली. एक बुरशी २००६ मध्ये इथे सापडली, तिच्यावर औषध नाही, म्हणून लागण झालेली झाडं तोडून जाळतात. मूळची होती सुमारे ४२ हजार. ओळीने उभ्या काठ्यांना बांधलेली नवी रोपं, वर ऊन, मध्ये आम्ही. सकाळी त्याच मुळांना मी शिव्या दिल्या होत्या.

८. सवय मोडते, पण तिला आपली तारीख असते. बेझिएला आठ हौदांचा जिना उतरून पुढे गेलो. संध्याकाळी वन्संनी विचारलं, “आज एकदाही मागे बघितलं नाहीस ना?” माझ्या लक्षातच आलं नव्हतं. हा सहावा दिवस. आठव्या दिवशी खारा वास आला, कालवा तो नावाच्या खाजणात मिळाला, टोकाला छोटं दीपगृह, आणि पलीकडे वाळूच्या पट्ट्यावरून सेतपर्यंत सायकलवाट. मुंबईला उतरल्यावर टॅक्सीत बसले आणि एक्स्प्रेस वेवर येईपर्यंत खांदे पुन्हा कानाशी.

आल्यावर मी जुनी सायकल विकत घेतली. पहाटे साडेपाचला काढते आणि सातच्या आत घरी आणते. वन्सं कोथरूडहून निघतात, आठ वाजता, लक्ष्मी रस्त्यावरून.