माळ रिकामा नसतो : धाराशिवची हरित ऊर्जा आणि निसर्ग



नववीच्या वर्गात एकदा मी प्रश्न विचारला, "गावाबाहेरच्या माळावर काय असतं?" बहुतेकांनी एकसुरात उत्तर दिलं, "काही नाही सर, नुसता माळ!" मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र हळूच म्हणाला, "सर, आमच्या शेळ्या तिथंच चरतात."

आजचा पाठ या दोन उत्तरांवरच आहे. भूम, वाशी, कळंब भागात एसटीने जाताना बालाघाटच्या डोंगरावर पवनचक्क्या फिरताना आपण पाहतो. कौडगावला महानिर्मितीचा ५० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा आहे. वीज हवी, तीही धूर न करणारी हवी, याबद्दल वाद नाही. प्रश्न एवढाच आहे की ही वीज तयार करायला जागा कोणती घ्यायची, आणि त्या जागेवर आधीपासून कोण राहतं?

१. धाराशिवलाच का?

आपला जिल्हा अवर्षणप्रवण. पाऊस कमी, ऊन भरपूर आणि बालाघाटच्या माथ्यावर वारा चांगला. शेतीला जे अडचणीचं, तेच ऊर्जेला सोयीचं ठरलं.

दुसरं कारण पाण्याचं. कोळशावरच्या वीज केंद्राला वाफ करायला आणि यंत्रं थंड ठेवायला सतत पाणी लागतं. आपल्या शेजारच्या परळीचं औष्णिक वीज केंद्र २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. सौरपत्र्यांना फक्त धुण्यापुरतं पाणी लागतं आणि पवनचक्कीला वीज बनवायला पाणी लागतच नाही. मराठवाड्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

तिसरं कारण तुमच्या घरातलंच आहे. शेतीला रात्रीची वीज मिळते तेव्हा वडील किंवा आजोबा बॅटरी घेऊन, विंचू-सापाची भीती मनात ठेवून मोटर चालू करायला जातात. हे थांबावं, शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, म्हणून राज्य सरकारने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू केला. म्हणजे सौरऊर्जा ही शहराची हौस नाही. ती आपल्या शेताचीही गरज आहे.

२. अडचण कुठे येते?

एक मेगावॅट सौरऊर्जेला साधारण चार ते पाच एकर जमीन लागते. म्हणजे ५० मेगावॅटला दोनशे ते अडीचशे एकर. एवढी सलग जमीन कुठं मिळणार? कागदावर उत्तर सोपं दिसतं : पडीक जमीन, गायरान, माळरान.

पण "पडीक" हा शब्द नांगराच्या बाजूने पाहणाऱ्याचा आहे. शेळीच्या बाजूने पाहिलं तर तोच माळ म्हणजे भरलेलं ताट. आपल्या जिल्ह्याचं नाव देशभर नेणारी उस्मानाबादी शेळी आठवा. काळी, काटक, कमी चाऱ्यात तगणारी आणि बऱ्याचदा जुळी करडं देणारी. जिल्ह्याचं नाव बदललं तरी शेळीचं नाव तेच राहिलं! ज्याच्याकडे एकरभरही शेत नाही, अशा घरात दवाखान्याचा किंवा शाळेचा खर्च याच शेळ्या भागवतात. त्या चरतात गायरानावर. गायरानाला कुंपण पडलं, तर त्या घराच्या नावावर एक गुंठाही नसल्यामुळे मोबदल्याच्या यादीत त्याचं नाव येत नाही. नुकसान मात्र त्याचंच होतं.

आता निसर्गाच्या बाजूने पाहा. माळावर झाडं कमी असतात म्हणून तो ओसाड वाटतो. पण गवताळ माळ ही जंगलासारखीच एक स्वतंत्र परिसंस्था आहे. लांडगा, खोकड, काळवीट, चंडोल, तित्तिर, धाविक हे सगळे उघड्या माळाचे रहिवासी. तिथं दाट झाडं लावली तरी त्यांचं घर मोडतं आणि काचेचे पत्रे अंथरले तरी मोडतं.

डोंगरांचंही तसंच. येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटरचं आहे. तरी २०२४ च्या डिसेंबरात तिथल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून आला होता. एवढा प्रवास तो कशाच्या आधाराने करू शकला? मधल्या डोंगररांगा, ओढे, झुडपी रानं आणि माळ यांच्याच. पवनचक्कीच्या पायाला जागा थोडी लागते हे खरं, पण तिची लांबलचक पाती वर न्यायला डोंगर फोडून रुंद रस्ते करावे लागतात. त्याने डोंगराचे तुकडे पडतात.

३. चाळकेवाडीच्या सरड्याने शिकवलेला धडा

सातारा जिल्ह्यात चाळकेवाडीच्या पठारावर बऱ्याच वर्षांपासून पवनचक्क्या आहेत. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी तिथं अभ्यास केला आणि तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी, पवनचक्क्या नसलेल्या भागाच्या तुलनेत जवळजवळ चारपट कमी आढळले.

मग काय झालं? शिकारी कमी झाले म्हणून सरडे वाढले. हा आपला गळ्याला रंगीत पंखा असलेला सरडा. त्याच्या गटाचं शास्त्रीय नावच मराठी शब्दावरून "सरडा" असं ठेवलं आहे. हे सरडे माणूस अगदी जवळ आला तरी पळेनात. त्यांच्या शरीरातलं ताणाचं संप्रेरक कमी झालं होतं, अंगकाठी बारीक झाली होती आणि नरांच्या गळ्यावरचा रंगही फिका पडला होता.

पाती फिरतात आकाशात आणि बदल होतो जमिनीवरच्या सरड्यात! अन्नसाखळी आपण चित्र काढून शिकतो, ती खरोखर कशी चालते हे इथं दिसतं. पवनचक्की वाईट आहे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. तिचा परिणाम आपल्या नजरेला पडतो त्यापेक्षा लांबवर जातो, एवढं ध्यानात ठेवावं.

४. माळढोक आणि तारा

आपल्या शेजारी सोलापूर जिल्ह्यात नान्नजला माळढोक अभयारण्य आहे. ते १९७९ मध्ये घोषित झालं. आज तिथं माळढोक दिसला तर त्याची बातमी होते, इतका तो दुर्मीळ झालाय. देशात उरलेले बहुतेक माळढोक राजस्थानात आहेत. हा पक्षी वजनाने जड, आणि त्याला समोरचं नीट दिसत नाही. समोर विजेची तार आली की ऐनवेळी वळता येत नाही.

राजस्थान हे सौर आणि पवन ऊर्जेचंही मोठं केंद्र. म्हणून हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने राजस्थान आणि गुजरातमधल्या माळढोकच्या क्षेत्रात वीजवाहिन्या जमिनीखालून नेण्याबाबत आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये त्यात बदल करून तज्ज्ञांची समिती नेमली. त्याच निकालात, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण मिळणं हा नागरिकांचा हक्क आहे, असंही न्यायालयाने म्हटलं. बघा, एकाच प्रकरणात पक्षीही महत्त्वाचा आणि सौरऊर्जाही महत्त्वाची! न्यायालयालाही एक बाजू पूर्ण सोडून देता आली नाही.

५. जगाच्या दोन वह्या

आता गावातून जरा जगाकडे जाऊ. हवामानाची वही वेगळी आणि निसर्गाची वही वेगळी, असं जगाचं चाललं आहे.

पहिल्या वहीत २०१५ चा पॅरिस करार आहे. त्याच वेळी भारत आणि फ्रान्सने पुढाकार घेऊन आंतरराष्ट्रीय सौर आघाडी सुरू केली. तिचं मुख्यालय आपल्या देशात, गुरुग्रामला आहे. २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत भारताने २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म ऊर्जाक्षमतेचं उद्दिष्ट जाहीर केलं. या वहीत हिशेब मेगावॅटमध्ये होतो.

दुसऱ्या वहीत स्थलांतरित प्रजातींचा करार आणि जैवविविधतेचा करार आहे. स्थलांतरित प्रजातींची परिषद २०२० मध्ये गुजरातला गांधीनगरला झाली, तेव्हा तिचं बोधचिन्ह माळढोकच होता. २०२२ च्या जैवविविधता परिषदेत २०३० पर्यंत जगातली ३० टक्के जमीन आणि समुद्र जपायचं ठरलं. या वहीत हिशेब हेक्टरमध्ये आणि प्रजातींमध्ये होतो.

दोन्ही वह्यांवर सही करणारे देश बहुतेक तेच. पण दोन्ही वह्या एकत्र उघडल्या जातात त्या गावाच्या गायरानावर. तिथंच पत्रे बसायचे असतात आणि तिथंच गवतात अंडी घातलेली असतात. हिवाळ्यात आपल्या माळांवर भोवत्या येतो, पक्षीनिरीक्षक ज्याला हॅरियर म्हणतात तो. त्याच्या काही जाती उन्हाळ्यात कझाकस्तान आणि रशियाकडे घरटी करतात. कझाकस्तानने त्याचं घरटं जपलं आणि आपण माळ संपवला, तर त्यांची मेहनत वाया गेली. म्हणून सहकार्य लागतं.

असं सहकार्य प्रत्यक्षातही चालू आहे :

- अबुधाबीच्या होबारा संवर्धन संस्थेची मदत माळढोकच्या प्रजनन कार्यक्रमाला मिळाली. २०२४ मध्ये राजस्थानात कृत्रिम रेतनातून माळढोकचं पिल्लू जन्मलं.
- नॉर्वेतल्या स्मोला बेटावर पवनचक्कीचं एक पातं काळं रंगवून पाहिलं. पक्ष्यांचे मृत्यू सुमारे ७० टक्क्यांनी घटले. प्रयोग मोजक्याच पवनचक्क्यांवर झाला, पण दिशा चांगली आहे.
- स्पेनमध्ये गिधाडं जवळ आली की तेवढ्यापुरती पवनचक्की थांबवतात. गिधाडांचे मृत्यू निम्म्यावर आले आणि विजेचं नुकसान नगण्य झालं.
- परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने जर्मनीच्या सहकार्याने सौरपत्र्यांखाली पिकं घेण्याचे प्रयोग हाती घेतले.

६. मग समतोल साधायचा कसा?

घरात नवी वस्तू आणली की आई आधी काय विचारते? "ठेवायची कुठं?" ऊर्जेच्या बाबतीतही हाच प्रश्न पहिला हवा. किती मेगावॅट, हा प्रश्न त्यानंतरचा. माझ्या मते जागांचा क्रम असा असावा :

1. आधी छपरं : शाळा, पंचायत, बाजार समिती, कारखाने आणि घरं. घरांच्या छपरांसाठी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजना आहे.
2. मग वापरात आलेल्या जागा : औद्योगिक वसाहती, जुन्या खाणी, कालवे. गुजरातमध्ये २०१२ मध्ये नर्मदेच्या कालव्यावर सौरपत्रे बसवले. जमीन वाचली आणि पाण्याचं बाष्पीभवनही कमी झालं.
3. मग शेतकऱ्याची जमीन, पण त्याच्या मर्जीने, भाड्याने, आणि जमेल तिथं खाली पीक घेऊन.
4. गायरान आणि गवताळ माळ सर्वांत शेवटी, तेही ग्रामसभेत खुली चर्चा झाल्यावर आणि चराईला जागा राखून.

शेवटचा मुद्दा का महत्त्वाचा? सौर आणि पवन प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेखाली पूर्वमंजुरी घ्यावी लागत नाही. वनजमिनीचे आणि अभयारण्यांचे नियम वेगळे, पण साध्या माळाच्या बाजूने बोलायला बऱ्याचदा गावाशिवाय कोणीच नसतं. ग्रामसभेला शेळ्या राखणाऱ्या घरातलं माणूस बसलेलं असेल, तर त्या माळाचा हिशेब पूर्ण होईल.

लक्षात ठेवा

- अपारंपरिक ऊर्जा गरजेची आहे, पण तिला जागा लागते.
- गवताळ माळ ही पडीक जमीन नसून जिवंत परिसंस्था आहे.
- हवामान वाचवणं आणि निसर्ग वाचवणं ही एकाच कामाची दोन अंगं आहेत.

स्वाध्याय

1. औष्णिक वीज केंद्र आणि सौर प्रकल्प यांच्या पाण्याच्या गरजेची तुलना करा.
2. चाळकेवाडीच्या उदाहरणावरून अन्नसाखळीतला बदल आकृती काढून दाखवा.
3. "गायरानावर सौर प्रकल्प व्हावा का?" या विषयावर वर्गात ग्रामसभा भरवा. सरपंच, शेतकरी, शेळीपालक, कंपनीचा अधिकारी अशा भूमिका वाटून घ्या. एकाने माळढोकच्या वतीने बोला.

उपक्रम : आपल्या गावचा नकाशा काढा. शाळेच्या छपरापासून सुरुवात करून सौरपत्रे बसू शकतील अशा जागा पिवळ्या रंगाने दाखवा. मग सकाळी लवकर माळावर जाऊन तासभर थांबा. दिसलेले प्राणी, पक्षी, गवतं आणि चरणारी जनावरं लिहून काढा आणि त्या जागा हिरव्या रंगाने रंगवा. पिवळा आणि हिरवा एकमेकांवर कुठं येतात ते पाहा. आपल्या गावाने नेमका विचार करायचाय तो तिथं.

आणि पुढच्या वेळी कुणी विचारलं, "माळावर काय असतं?" तर आधी ही यादी वाचून दाखवा.