आंबिया बहाराची राखण: एअरगन आणि धुऱ्यापलीकडचा शेजारी

पोळा उलटला की सावनेर तालुक्यातील कन्हानकाठच्या खापा परिसरात संत्रा बागाईतदारांचे लक्ष फवारणीवरून राखणीकडे वळते, कारण जानेवारी-फेब्रुवारीत फुललेला आंबिया बहार ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दरम्यान तोडणीला येतो आणि फळांत रस व गोडी भरू लागल्यापासून तोडणीपर्यंतचा काळ पोपट, वानर, खारी आणि रात्री उडणारे पतंग या सर्वांच्याच सोयीचा असतो. याच दिवसांत बागेतील झोपडीत किंवा गावातल्या घराच्या गच्चीवर एअरगन, म्हणजे दारूऐवजी दाबलेल्या हवेच्या जोरावर शिशाचा छर्रा फेकणारी बंदूक, बाहेर निघते. तिचा आवाज मोठा नसतो, किंमत आवाक्यातली असते आणि लहान क्षमतेच्या बंदुकीला परवानाही लागत नाही, त्यामुळे ती पाखरे हाकलण्याचे निरुपद्रवी साधन असल्याचा समज रूढ झाला आहे. प्रत्यक्षात पीक वाचवण्याच्या कामी ती तोकडी पडते, तिचा वापर सहज गुन्ह्यात मोडू शकतो आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे सामाईक बांधावरच्या, शेजाऱ्याशी जपलेले संबंध तिच्यामुळे एका दिवसात तुटू शकतात. बहाराची राखण ही धुरा लागून असलेल्या सर्व बागांची सामाईक बाब मानल्याशिवाय ती नीट होत नाही.

कोणताही उपाय योजण्यापूर्वी नुकसान नेमके कोणाचे आहे हे फळ हातात घेऊन पाहणे आवश्यक ठरते, आणि या साध्या पाहणीकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. पोपट चोचीने साल ओरबाडतो, फोडी उघड्या पाडून फळ अर्धवट सोडतो आणि झाडाखाली सालीचे तुकडे पडलेले आढळतात; वानरांची टोळी येऊन गेली असेल तर एक-दोन चावे घेऊन फेकलेली फळे, मोडलेल्या फांद्या आणि खुडलेला कोवळा पाला दिसतो. याउलट जे फळ दुरून शाबूत दिसते, परंतु ज्याच्या सालीवर टाचणीने टोचल्याएवढे गोल छिद्र असते, हलके दाबताच त्या छिद्रातून रसाचा थेंब बाहेर येतो, छिद्राभोवतीची साल तपकिरी होऊन मऊ पडते आणि थोड्याच दिवसांत जे सडून गळते, त्याला कोणत्याही पक्ष्याची चोच लागलेली नसते. ते काम फळातील रस शोषणाऱ्या पतंगाचे असते. हा मोठ्या आकाराचा निशाचर पतंग असून त्याचे मागचे पंख नारिंगी-पिवळे व त्यांवर काळा पट्टा असलेले असतात, आणि त्याची सोंड संत्र्याची साल भेदण्याइतकी टणक असते. पहाटे बागेत गळालेल्या फळांचा सडा दिसतो, दिवसा झाडावर पोपट दिसतात, आणि रात्रीच्या पतंगाचा दोष दिवसाच्या पोपटावर येतो. अशा बागेत दिवसभर छर्रे मारले तरी फळगळ तसूभरही कमी होत नाही.

या पतंगाचा बंदोबस्त शेजाऱ्याच्या सहकार्याविना अशक्य आहे, हे त्याच्या जीवनक्रमावरून स्पष्ट होते. त्याची अळी संत्र्यावर वाढत नसून गुळवेल, वासनवेल यांसारख्या रानवेलींची पाने खाऊन वाढते, आणि या वेली बहुधा धुऱ्यावरच्या बाभळी-बोरींवर, पडीत जागेत व नाल्याच्या काठाने असतात. एका बागाईतदाराने आपल्या बाजूच्या वेली काढल्या आणि पलीकडच्या तशाच राहिल्या तर कष्ट वाया जातात, म्हणून बहार फुटल्यापासूनच दोन्ही बाजूंनी मिळून धुरा स्वच्छ करण्याचे ठरवावे; औषधासाठी गुळवेल राखायची असल्यास ती बागेपासून दूर राखावी. गळालेली फळे रोजच्या रोज वेचून खड्ड्यात पुरावीत, कारण सडणाऱ्या फळांच्या वासाने पतंग आणखी ओढले जातात. सायंकाळी अंधार पडताना ओला-सुका काडीकचरा जाळून बागेत धूर करण्याची पद्धत उपयुक्त असली तरी वाऱ्याची दिशा पाहून आणि शेजारच्या घराला आधी कळवूनच ती अवलंबावी. गूळ, फळांचा रस व मॅलॅथिऑन यांचे विषारी आमिष ठेवायचे झाल्यास मात्रा डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे किंवा नागपूर येथील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या सल्ल्याने ठरवावी, आणि गुरे, कुत्री व मुले पोहोचणार नाहीत अशाच जागी ते टांगावे.

आता कायद्याची बाजू. शस्त्र नियम 2016 नुसार ज्या एअरगनची नळी 4.5 मिलिमीटरपेक्षा, म्हणजे .177 इंचापेक्षा, मोठी नाही आणि जिच्या तोंडाशी छर्ऱ्याची ऊर्जा 20 ज्यूलपेक्षा अधिक नाही, तिला परवान्यातून सूट आहे. त्यापुढील बंदुकीला परवाना लागतो. ही सूट केवळ बंदूक बाळगण्यापुरती आहे, तिने काय मारावे याची मुभा तीत नाही, आणि नेमक्या याच फरकाकडे डोळेझाक होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 मध्ये शिकार या संज्ञेत वन्य प्राण्याला ठार मारण्याबरोबरच जखमी करणे, पकडणे आणि तसा प्रयत्न करणे, तसेच पक्ष्यांच्या बाबतीत अंडी किंवा घरटी नष्ट करणे यांचाही समावेश होतो, म्हणजे नेम चुकला तरी प्रयत्न उरतोच. मोर हा पहिल्या अनुसूचीतील, म्हणजे सर्वोच्च संरक्षण असलेला पक्षी आहे. पोपट, रानडुक्कर आणि विदर्भात ज्याला रोही म्हणतात ती नीलगाय यांनाही अनुसूचीचे संरक्षण आहे. पूर्वी कावळा, फळे खाणारी वटवाघळे व उंदीर यांची उपद्रवी प्राणी म्हणून पाचवी अनुसूची होती, परंतु 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाल्यावर ती अनुसूचीच राहिलेली नाही, त्यामुळे कावळ्याला मारण्यास हरकत नाही हे जुने उत्तर आता चालत नाही. दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि पहिल्या अनुसूचीतील प्राण्यासाठी शिक्षा किमान तीन वर्षांपासून सुरू होते. उभ्या पिकाला धोका असलेल्या काही प्राण्यांबाबत वन विभागाकडून लेखी परवानगी मिळण्याची तरतूद कायद्यात आहे, परंतु ती अधिकाऱ्याच्या आदेशाने व अटींसह मिळते, बागाईतदाराने ती गृहीत धरायची नसते.

ज्या देशात बागेतील एअरगनची चाल जुनी आहे तेथील अनुभवही येथे उपयोगी पडतो. इंग्लंडमध्ये काही पक्षी व उंदीर मारण्यास अटींसह मुभा असली तरी शेजाऱ्याच्या संमतीविना आपल्या जागेच्या हद्दीपलीकडे छर्रा जाऊ देणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरवलेला आहे. खापा परिसरात हद्दीचा प्रश्न अधिकच बिकट होतो, कारण संत्र्याचे झाड फार उंच नसते, शेंड्यावरच्या पक्ष्यावर वर रोखून मारलेला आणि चुकलेला छर्रा झाडापलीकडे निघून जातो, आणि पलीकडे कोणी ना कोणी निंदण करीत, पाणी देत किंवा फळे वेचत असते. 20 ज्यूल ही ऊर्जा दोन किलो वजन एक मीटर उंचीवरून सोडल्यावर मिळते तेवढी असते. ती साडेचार मिलिमीटरच्या टोकावर एकवटली की डोळा कायमचा जातो. लोखंडी खांब, ठिबकची टाकी किंवा दगडी विहिरीचे तोंड यांवर आदळलेला छर्रा कोणत्या दिशेने उसळेल हे सांगता येत नाही. शेजाऱ्याची गाय-बकरी, कुत्रे किंवा मांजर त्याने मेल्यास किंवा निकामी झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. गुरे राखणारा म्हातारा किंवा शाळेतून घरी परतणारे पोर त्या वाटेवर असल्यास काय होईल, याचा विचार बंदूक उचलण्यापूर्वी झाला पाहिजे.

एअरगन नेमकी कोणाच्या हाती असते हाही दुर्लक्षित प्रश्न आहे. संत्रापट्ट्यात बहार झाडावर असतानाच व्यापाऱ्याला विकण्याची रीत आहे, सौदा झाल्यावर राखण व्यापाऱ्याच्या माणसाकडे जाते, आणि त्या बाहेरगावच्या रखवालदाराला ना धुरा ठाऊक असतो ना पलीकडच्या घरात कोण राहते हे. बंदूक त्याची असली तरी गाऱ्हाणे बागमालकाच्या दारी येते, आणि व्यापारी माल घेऊन गेल्यानंतरही शेजारी तेथेच असतो. म्हणून सौद्याच्या कागदावर राखणीसाठी बंदूक, वीजप्रवाह सोडलेली तार व स्फोटक साधने वापरली जाणार नाहीत हे स्पष्ट लिहून घ्यावे. माकडे पळवण्यासाठी वापरली जाणारी पाइपची कार्बाइड गन हेही असेच घातक साधन आहे; 2025 च्या दिवाळीत भोपाळमध्ये अशा गनमुळे अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. एअरगनबाबत समाजाने स्वतः पुढाकार घेतल्याचे उदाहरण अरुणाचल प्रदेशात आहे, जेथे मार्च 2021 मध्ये पूर्व कामेंग जिल्ह्यातील लुमडुंग येथून सुरू झालेल्या मोहिमेत लोकांनी दोन हजारांहून अधिक एअरगन स्वेच्छेने जमा केल्या.

वानरांचा प्रश्न या सर्वांत नाजूक आहे, कारण हनुमानाचे रूप मानून मेलेल्या वानरावर विधिपूर्वक अंत्यसंस्कार करणारी गावे विदर्भात आहेत, आणि अशा गावात छर्ऱ्याने जखमी झालेले वानर एखाद्याच्या अंगणात येऊन पडले तर तो वाद दोन घरांपुरता राहत नाही. शिवाय टोळीचा वावर ठरलेल्या टापूत असतो. एका बागेतून हाकललेली टोळी दुसऱ्या बागेत जाते आणि तेथून हाकलली की परत येते. त्यामुळे चार-सहा बागांनी मिळून जागल, म्हणजे पाळीने राखण, ठरवावी, टोळी पिकाकडे न वळता नाल्याच्या किंवा रानाच्या दिशेने जाईल अशी हाकण्याची दिशा एकमताने निश्चित करावी, आणि टोळी दिसताच पुढच्या बागेला फोन करावा. पोपटांचे थवे प्रामुख्याने सकाळी व दुपार उतरताना येतात, म्हणून माणूसबळ दिवसभर विखरण्याऐवजी त्या दोन वेळांना उभे करावे. एका बाजूने लाल व दुसऱ्या बाजूने चंदेरी असलेली चमकपट्टी किंचित पीळ देऊन झाडांच्या शेंड्यांवर ताणल्यास तिच्या लखलखाटाने व फडफडीने पक्षी बिचकतात. मात्र ती महिनाभर एकाच जागी राहिल्यास पाखरे सरावतात, म्हणून फळे रंगू लागल्यावरच ती बांधावी व जागा बदलत राहावी. परसबागेतील पेरू, सीताफळ, पपई यांसाठी जाळी किंवा फळावर कापडी पिशवी हाच सर्वांत खात्रीचा उपाय असून घनवस्तीत एअरगनला कोणतीही सुरक्षित दिशा नसते.

शेजारी छर्रे मारत असल्यास पहिली भेट तक्रारीची नसावी. वयाने मोठ्या माणसाला मध्ये घेऊन, त्याच्या बागेचे नुकसान आधी पाहून, मग आपल्या बाजूला कोण काम करते हे सांगावे, आणि चमकपट्टी किंवा जागलीचा खर्च वाटून घेण्याची तयारी दाखवावी. तरीही प्रकार थांबला नाही तर प्राणी-पक्ष्यांबाबत खापा वनपरिक्षेत्र कार्यालयाकडे आणि माणसांच्या जिवाला धोका असल्यास पोलीस ठाण्यात लेखी कळवावे. वानर, रोही किंवा रानडुकराने केलेल्या नुकसानीची भरपाई वन विभागाकडून मिळू शकते. त्यासाठी मोडलेल्या फांद्या व पडलेली फळे न हलवता छायाचित्रे घ्यावीत, सातबारा व बँक खात्याच्या तपशिलासह तीन दिवसांच्या आत अर्ज द्यावा आणि पंचनाम्याच्या वेळी स्वतः हजर राहावे. नुकसान एकाच टोळीने केलेले असल्यास धुरा लागून असलेल्या बागांनी त्याच दिवशी अर्ज दिल्यास पाहणी एका फेरीत होते आणि प्रत्येकाच्या पंचनाम्याला शेजारचा साक्षीदार मिळतो.