वाणातल्या सात पिशव्या

प्रश्न : यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला सात कापडी पिशव्या वाण म्हणून मिळाल्या. आधीच्या धरून घरात आता वीस झाल्या. प्लास्टिक टाळायचं म्हणून गेल्या वर्षी मीही पिशव्याच लुटल्या होत्या. पण मुलगी म्हणते, कापडी पिशवी पर्यावरणाला प्लास्टिकपेक्षा महाग पडते. हे खरं का? आणि दुसरं असं, की नवी पिशवी हातात पडली की छान वाटतं, पण आठवड्याभरात ती कुठे ठेवली तेही आठवत नाही. असं का होतं?

उत्तर : मुलगी म्हणते ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं तुमच्या बाजूचं आहे.

आधी तिची बाजू पाहू. दुकानदार देत असे ती पातळ पिशवी जेमतेम काही ग्रॅमची. कारखान्यात ती क्षणात तयार होते. कापडी पिशवीची सुरुवात मात्र शेतात होते. पेरणी, खत, फवारणी, वेचणी, मग जिनिंगमध्ये सरकी काढायची, सूत कातायचं, कापड विणायचं, रंगवायचं, शिवायचं. जगाची सरासरी धरली तर एक किलो कापसामागे सुमारे १०,००० लिटर पाणी लागतं. म्हणजे शंभर ग्रॅमच्या पिशवीमागे हजार लिटर. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातला बराचसा कापूस कोरडवाहू, त्यामुळे यातलं पुष्कळ पाणी पावसाचंच असतं. पण खतं, औषधं, वीज आणि रंगाईचं सांडपाणी यांचा खर्च उरतोच.

हा सगळा खर्च वसूल व्हायला पिशवी किती वेळा वापरायला हवी? ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २०११ मध्ये याचा हिशेब प्रसिद्ध केला. फक्त हवामानबदलाचा विचार केला, तर एकदाच वापरून टाकलेल्या पातळ पिशवीशी बरोबरी करायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. डेन्मार्कच्या २०१८ च्या अहवालात तर ७,१०० वेळा असा आकडा आहे. आठवड्यातून दोनदा बाजार केला, तर त्याला अडुसष्ट वर्षं लागतील! मुलीने बहुधा हाच आकडा वाचला असावा.

तो आकडा कसा आला हेही पाहायला हवं. हवामानापुरतं बोलायचं तर त्याच अहवालात सुती पिशवीला ५२ वेळा वापर पुरतो. ७,१०० हा आकडा ओझोनच्या थरावरच्या परिणामाने फुगला आहे. शिवाय डेन्मार्कमध्ये प्लास्टिकची पिशवी घरी कचऱ्याच्या डब्यात लावतात आणि शेवटी ती भट्टीत जाते, असं त्यात धरलं आहे. गटारात अडकलेली किंवा गाईच्या पोटात गेलेली पिशवी त्या हिशेबात नाही.

आपल्याकडे मात्र दुखणं तेच आहे. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसाला कोणतीच गटारं पुरली नसती, पण पिशव्यांनी ती आणखी तुंबवली. त्यानंतर राज्याने पातळ पिशव्यांवर बंधनं आणली आणि २०१८ मध्ये व्यापक बंदी. थोडक्यात, प्लास्टिकचा त्रास मुख्यतः फेकल्यानंतर होतो आणि कापडाचा खर्च बनवतानाच होऊन जातो. म्हणून बंदी योग्यच होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण बंदीचा अर्थ ‘प्लास्टिकऐवजी कापडी विकत घ्या’ एवढाच लावला गेला, आणि घोळ तिथे झाला. एकच पिशवी आठवड्यातून दोनदा नेली, तर १३१ फेऱ्या सव्वा वर्षात पुऱ्या होतात. वीस पिशव्या आलटून पालटून नेल्या, तर त्याच हिशेबाला पंचवीस वर्षं लागतात. कापड तेच, शिलाईही तीच, फरक फक्त संख्येचा. आपल्या आज्या आजोबांच्या विरलेल्या पँटच्या पायाची पिशवी शिवायच्या. त्या कापडाचा सारा खर्च पँट असतानाच वसूल झालेला असे. त्या पिशवीइतकी पर्यावरणपूरक पिशवी आज कोणत्याही दुकानात मिळत नाही. वस्तू कशाची आहे याला महत्त्व आहेच, पण ती किती वर्षं हातात राहते याला त्याहून जास्त आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. आपलं मन बदल टिपतं. जे रोजचंच झालं, त्याकडे त्याचं लक्ष राहत नाही. अमेरिकेत १९७८ मध्ये लॉटरी लागलेल्या २२ जणांची त्यांच्यासारख्याच, पण लॉटरी न लागलेल्या लोकांशी तुलना झाली. विजेते फारसे जास्त सुखी निघाले नाहीत. उलट गप्पा, नाश्ता अशा साध्या गोष्टींतला त्यांचा आनंद थोडा कमीच भरला. अभ्यास लहान होता, पण सवयीने सुख बोथट होतं हे पुढच्या संशोधनातही दिसत राहिलं.

यावरून ‘वस्तूंनी सुख मिळतच नाही’ असा निष्कर्ष काढू नका. चुलीच्या धुरात डोळे चोळणाऱ्या बाईच्या घरी पहिली गॅसची शेगडी येते, तेव्हा तिचं आयुष्यच बदलतं. विसाव्या पिशवीने तसं काही होत नाही. व्हॅन बोव्हेन आणि गिलोव्हिच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये लोकांना त्यांच्या खर्चाबद्दल विचारलं. घेतलेल्या वस्तूंपेक्षा केलेल्या सहली, पाहिलेले कार्यक्रम यांनी जास्त आनंद दिला, असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. असे अनुभव बहुधा कुणाच्या तरी सोबतीने घेतलेले असतात आणि आठवून पुन्हा सांगता येतात.

तुमचंच पाहा. हळदीकुंकवाची संध्याकाळ तुम्हाला आठवत असेल, कोण किती वर्षांनी भेटलं तेही आठवत असेल. विसरली ती पिशवी. संक्रांतीच्या सुगडात काय असतं? ऊस, बोरं, गाजर, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, तीळगूळ. सगळं शेतातलं आणि आठवड्याभरात खाऊन संपणारं. कुणाच्या कपाटात त्याची अडगळ होत नाही. सुगडाच्या शेजारी वाण म्हणून डबे, वाट्या, पिशव्या आल्या आणि घराघरांत साठू लागल्या.

तेव्हा पुढच्या संक्रांतीला पावशेर गूळ लुटा, गावरान तीळ लुटा, नाहीतर घरच्या कढीपत्त्याची रोपं लुटा. आणि त्या वीसपैकी चार पिशव्या ठेवून बाकीच्या सोळा तुमच्या नेहमीच्या भाजीवालीला नेऊन द्या. पिशवी घरी विसरून आलेलं गिऱ्हाईक तिच्याकडे रोज येतं.